बाबांची सॉर्बिट्रेट आणि जिभेवरचे जंतू

आमच्या बाबांच्या शर्टाच्या खिशात कायम सॉर्बिट्रेटची पट्टी असते. अँजिओप्लास्टी झाली त्याला आता सहा वर्षं झाली, पण अजून घराबाहेर पडताना चष्मा, पैसे, मोबाईल आणि ती पट्टी एवढं चाचपून बघितल्याशिवाय ते चप्पल घालत नाहीत. छातीत दाबल्यासारखं झालं की बसून घ्यायचं, गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, हे आमच्या घरात लहान पोरांना पण पाठ आहे. पण ती गोळी विरघळल्यावर आत नक्की होतं काय हे मी कित्येक वर्षं कुणाला विचारलंच नव्हतं, आणि नीट वाचायला बसले तेव्हा कळलं की हेच काम, बऱ्याच कमी जोरात पण रोजच्या रोज, माठाच्या भाजीने सुद्धा होतं, फक्त त्यासाठी तोंडातले जंतू जिवंत पाहिजेत. ते वाचल्यावर मी आईला पहिला प्रश्न काय विचारला असेल तर हा, की बाथरूममधला तो माउथवॉश रोज कोण वापरतंय.

आधी गोळीचं सांगते. सॉर्बिट्रेट शरीरात गेली की तिच्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. नाव मोठं आहे पण चीज साधी, नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक, बस. हा वायू रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला सैल पडायला लावतो, नळी रुंदावते, हृदयावरचा ताण उतरतो आणि छातीतली कळ थांबते. याच कुळातलं जुनं औषध म्हणजे नायट्रोग्लिसरीन, तेच जे डायनामाइटमध्ये असतं, आणि डायनामाइट शोधणाऱ्या आल्फ्रेड नोबेलला स्वतःला उतारवयात हृदयाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी तेच लिहून दिलं होतं. म्हणजे औषध शंभर वर्षं वापरात होतं पण ते का लागू पडतं ते कुणाला धड माहीत नव्हतं. ते कोडं सुटलं विसाव्या शतकाच्या शेवटी, आणि १९९८ साली रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद या तिघांना वैद्यकाचं नोबेल मिळालं, शरीरात एक साधा वायू निरोप्याचं काम करतो हे दाखवल्याबद्दल.

(इथेच एक सांगून टाकते कारण हे माहीत नसल्यामुळे जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा आणि त्या जातीच्या गोळ्या, याच रस्त्यावर काम करतात. ती घेतलेली असताना वरून सॉर्बिट्रेट घेतली तर बीपी एकदम कोसळतं. डॉक्टरांना सांगायला लाजू नका.)

आता हे नायट्रिक ऑक्साइड काही फक्त गोळीतून येत नाही. रक्तवाहिनीच्या आतून एक पातळ अस्तर असतं, ते स्वतःच हा वायू बनवत असतं, दिवसरात्र. पण वय वाढलं, शुगर आली, बीपी आलं, तंबाखू चालू असली की हे अस्तर दमतं आणि कमी बनवायला लागतं. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की हा एवढाच रस्ता आहे. दुसरा रस्ता सापडला तो पोटातून, आणि तो इतका वाकडातिकडा आहे की मला पहिल्यांदा वाचताना खरं वाटेना.

झाड मातीतून नायट्रेट ओढतं आणि पानात, देठात, कंदात साठवतं. आपण पालेभाजी खाल्ली की ते नायट्रेट लहान आतड्यातून रक्तात जातं. इथपर्यंत ठीक. पण रक्तात गेल्यावर त्यातला साधारण पाव हिस्सा आपल्या लाळेच्या ग्रंथी परत ओढून घेतात आणि लाळेत सोडतात, रक्तात असतं त्याच्या दहा ते वीस पट तीव्रतेने. म्हणजे दुपारी गिळलेली भाजी तासाभराने लाळेच्या रूपात परत तोंडात हजर. का? तर पुढचं काम आपल्या पेशींना नीटसं जमत नाही, ते जंतूंना जमतं. जिभेच्या मागच्या भागात, जिथे बारीक खाचा असतात आणि हवा कमी पोचते, तिथे काही जंतू राहतात, व्हेलोनेला, रोथिया, नायसेरिया अशी त्यांची नावं, त्यांना श्वास घ्यायला ऑक्सिजन मिळाला नाही तर ते नायट्रेट वापरतात आणि नायट्रेटचं नायट्राइट करून टाकतात. त्यांचं पोट चालतं, आपल्याला नायट्राइट मिळतं. ते लाळेबरोबर आपण गिळतो, जठरातल्या आम्लात त्यातल्या काही भागाचं तिथेच नायट्रिक ऑक्साइड होतं, बाकीचं रक्तात जातं आणि शरीरात जिथे ऑक्सिजन कमी पडतोय नेमकं तिथे त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं. दिवसाला लिटर-सव्वालिटर लाळ आपण गिळतो, तिची आपल्याला कधी आठवण पण नसते.

ही सगळी साखळी खरी आहे हे सिद्ध कसं करायचं? २००६ साली स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या लोकांनी सतरा धडधाकट माणसांना तीन दिवस नायट्रेट दिलं, तर खालचं बीपी जवळजवळ चार पॉइंटने उतरलं. मग २००८ मध्ये लंडनला लोकांना अर्धा लिटर बीटाचा रस प्यायला दिला, अडीच-तीन तासांनी वरचं बीपी दहाएक पॉइंटने खाली. आणि मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं, काही जणांना त्यांनी रस प्यायल्यानंतर लाळ गिळू दिली नाही, सगळी थुंकायला लावली. तोच रस, तेवढाच रस, पण बीपी हललं नाही. रसातलं नायट्रेट पोटात पोचलं होतं, पण जिभेवरून परत खाली जाणारी फेरीच तोडल्यावर त्याचा बीपीवर काही उपयोग झाला नाही.

मग पुढची पायरी, जंतूच मारले तर? २०१३ मध्ये लंडनच्याच संशोधकांनी एकोणीस निरोगी माणसांना आठवडाभर दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशने चूळ भरायला लावली. तोंडात नायट्राइट बनणं ९० टक्क्यांनी घटलं, रक्तातलं नायट्राइट २५ टक्क्यांनी घटलं, आणि बीपी २ ते साडेतीन पॉइंटने चढलं. त्यांनी वरून नायट्रेट दिलं नव्हतं, बीटाचा रस नाही काही नाही, रोजचंच जेवण. म्हणजे आपल्या नेहमीच्या बीपीचा एक बारीकसा हिस्सा हे जिभेवरचे जंतू सांभाळत असतात. दोन-तीन पॉइंट ऐकायला काहीच नाही असं वाटतं, एका माणसाला ते जाणवणार पण नाही, पण मीठ कमी करून सुद्धा साधारण एवढंच बीपी उतरतं आणि त्यासाठी डॉक्टर किती जीव तोडून सांगतात.

इथे घाईने कुणी बाटली फेकू नका. क्लोरहेक्सिडिन हे औषध आहे, दात काढल्यावर, हिरडीचं ऑपरेशन झाल्यावर, ब्रश लावता येत नाही तेव्हा डेंटिस्ट आठवडा-दोन आठवडे देतात आणि तेव्हा ते घ्यायलाच पाहिजे. घोळ होतो तो नंतर. तोंडाला वास येतो म्हणून किंवा जाहिरातीत ९९ टक्के जंतू मरतात असं लिहिलंय म्हणून तीच बाटली मेडिकलमधून आणून आणून वर्षानुवर्षं चालू ठेवतात, आमच्या घरात हेच झालं होतं, डेंटिस्टने दहा दिवसांसाठी दिलेलं बाबा दोन वर्षं वापरत होते आणि वर बीपीची गोळी पण घेत होते. माउथवॉशने त्यांचं बीपी वाढलं असं मी म्हणत नाही, ते सांगायला माझ्याकडे काही पुरावा नाही. पण ज्या माणसाच्या खिशात नायट्रिक ऑक्साइड मिळवायची गोळी आहे त्याने रोज सकाळी उठून नायट्रिक ऑक्साइडचा फुकटचा कारखाना धुऊन काढायचा हे मला पटत नाही. जीभ मात्र टंग क्लीनरने साफ करायला हरकत नाही, त्याने वरचा पांढरा थर जातो, खाचांमधले जंतू राहतात आणि परत वाढतात.

भाजीचं बोलायचं तर या बाबतीत आपण नशीबवान आहोत. बाहेरच्या लेखांत बीट आणि लेट्यूस एवढंच असतं, पण पालक, माठ, मेथी, मुळा आणि त्याचा पाला या सगळ्यांत नायट्रेट भरपूर असतं, आणि पावशेर-अर्धा किलोची जुडी घरी आणून लसणाच्या फोडणीवर परतायची पद्धत आपल्याकडे आहेच. फक्त दोन गोष्टी. नायट्रेट पाण्यात विरघळतं, त्यामुळे भाजी आधी धुवायची आणि मग चिरायची, चिरून पाण्यात भिजत ठेवायची नाही, आणि पालक उकडून हिरवं पाणी मोरीत ओतलं तर बराचसा माल त्या पाण्याबरोबर गेला, ते पाणी वरणात घाला. दुसरं म्हणजे बीटाचा रस पिणारच असाल तर दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली तर घाबरू नका, काही लोकांना तसं होतं, तो बीटाचा रंग असतो. बाकी मला स्वतःला रसापेक्षा कोशिंबीर बरी वाटते, चावून खाल्लं की लाळ पण सुटते आणि चोथा पण पोटात जातो, त्या चोथ्याचं पुढे सांगते.

कुणी म्हणेल नायट्रेट-नायट्राइट म्हणजे तर कॅन्सरवालं. ते बरोबर आहे पण दुसऱ्या ठिकाणी. सॉसेज, सलामी, बेकन टिकावं म्हणून त्यात नायट्राइट घालतात, मांसातल्या प्रथिनांशी ते जुळून नायट्रोसअमाइन नावाची वाईट रसायनं होऊ शकतात, आणि अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये कॅन्सरकारक ठरवलंय. पालेभाजीत त्याच्यासोबत क जीवनसत्त्व आणि बाकी घटक असतात, ते ही जुळणी होऊ देत नाहीत. तोच पदार्थ, पण संगत वेगळी.

आता तोंडातल्या दुसऱ्या वस्तीकडे येऊ, आणि ही वस्ती मित्रांची नाही. तोंडात जंतूंच्या सातशेच्या वर जाती सापडल्यात. दात आणि हिरडी यांच्या फटीत अन्न अडकतं, त्यावर चिकट थर बसतो, तो तसाच राहिला की दगडासारखा कडक होतो, त्याला आपण कीटण म्हणतो. त्याच्या खाली, हवा नसलेल्या जागेत पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस सारखे जंतू वाढतात आणि हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लावला की रक्त येतं. बहुतेक लोक मग काय करतात तर रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश लावायचाच बंद करतात, आणि नेमकं उलटं होतं, थर वाढतो. पुढे हिरडी दातापासून सुटते, खाली खिसे होतात, दात हलतात, ज्याला लोक पायरिया म्हणतात. दुखत नाही म्हणून कुणी जात नाही. पण सगळ्या दातांभोवतीचे ते खिसे उलगडून एकत्र ठेवले तर कित्येक चौरस सेंटिमीटरची उघडी जखम होते. पायावर एवढी जखम वर्षभर वाहत असती तर आपण घरात बसलो असतो का?

या जखमेतून दोन गोष्टी होतात. एक, चावताना, ब्रश करताना जंतू थोडे थोडे रक्तात शिरतात, शरीर त्यांना बहुतेक वेळा मिनिटांत संपवतं. दुसरी जास्त महत्त्वाची, सूज कायम असल्यामुळे सगळं शरीर कायम थोडं भडकलेलं राहतं, यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवतं, आणि रक्तवाहिनीत कोलेस्टेरॉलची जी गाठ बसलेली असते ती अशा भडकलेल्या वातावरणात फुटायची भीती जास्त. ब्लॉकेज म्हणजे नळात साचलेला गाळ असं आपण समजतो, पण ती गाठ जिवंत असते, ती सुजते, आणि हार्ट अटॅक बहुतेक वेळा ती फुटून त्यावर रक्त गोठल्याने येतो.

दात आणि हृदयाचा संबंध मोजायला सुरुवात झाली फिनलंडमध्ये. १९८९ साली हेलसिंकीच्या डॉक्टरांनी हार्ट अटॅक आलेल्या १०० जणांचे दात आणि अटॅक न आलेल्या १०२ जणांचे दात तपासले, तर अटॅकवाल्यांचे दात स्पष्टपणे जास्त खराब निघाले. २०१३ मध्ये त्याच देशातल्या टॅम्पेरेमध्ये अटॅक आलेल्या १०१ रुग्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतून काढलेल्या रक्ताच्या गुठळ्या तपासल्या, त्यातल्या ७८ टक्के गुठळ्यांत तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकाय जंतूंचा डीएनए सापडला. ऐकून अंगावर काटा येतो, पण थांबा. डीएनए सापडला म्हणजे त्या जंतूंनीच अटॅक आणला असं होत नाही, चोरीच्या जागी ठसे सापडले पण ठसेवाला रोज तिथूनच ये-जा करणारा असू शकतो. आणि शिवाय जो तंबाखू खातो, ज्याला शुगर आहे, त्याच्या हिरड्या पण खराब होतात आणि हृदय पण, दोन्ही एकाच कारणाने. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा चाळून हेच म्हटलं, की संबंध दिसतो, धूम्रपान वगैरे बाजूला काढून पण दिसतो, पण हिरड्यांवर उपचार केल्याने अटॅक टळतो असं सिद्ध झालेलं नाही. कुठल्या दवाखान्यात दात साफ करा आणि हार्ट अटॅक टाळा असा बोर्ड दिसला तर हे लक्षात ठेवा.

पण माझं मत विचाराल तर हिरड्यांवर उपचार तरीही करून घ्यावेत, आणि त्याला कारण आहे. २००७ मध्ये एक प्रयोग झाला, हिरड्यांचा जोरदार आजार असलेले १२० लोक, निम्म्यांची कसून सफाई केली, आणि हातातली रक्तवाहिनी किती छान रुंदावते ते मोजलं. सफाईनंतर दुसऱ्या दिवशी ती आधीपेक्षा वाईट होती, कारण खरवडताना जंतू आणि सूज दोन्ही उसळतात, पण दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी ती अशी कसून सफाई न केलेल्यांपेक्षा चांगली झाली होती. म्हणजे ते अस्तर, ज्याचं वर बोललो, ते सावरतं. आणि शुगरवाल्यांना तर सरळ फायदा, हिरड्या बऱ्या केल्या की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी तपासणी, सरासरी ०.४ ने उतरते, हे बऱ्याच चाचण्या एकत्र करून दिसलंय.

मशेरीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायका तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायच्या, कुटायच्या आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायच्या, आणि हे अजून चालू आहे, गावात पण आणि मुंबईच्या चाळीत पण. त्यांना कुणी तंबाखू खाता का विचारलं तर त्या मनापासून नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे. त्यामुळे घरातल्या बाईचं बीपी तपासायला नेलं तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की मशेरी लावते. हिरडीला निकोटिन लागलं की तिथला रक्तपुरवठा आवळतो, कधीकधी सूज असून रक्त येत नाही आणि आजार लपतो, आणि तेच निकोटिन रक्तातून हृदयापर्यंत जातं.

एका आजारात मात्र तोंडातून हृदय असा रस्ता अगदी पक्का ठरलेला आहे, त्यात काही वाद नाही. लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून ज्यांच्या हृदयाच्या झडपा खराब झाल्या किंवा ज्यांना नवीन झडप बसवली आहे, त्यांच्या रक्तात दातांतून जंतू गेले तर ते झडपेवर चिकटून वाढू शकतात. याला एंडोकार्डायटिस म्हणतात, ताप येत-जात राहतो, वजन उतरतं, आणि वेळेत कळलं नाही तर माणूस जातो. भारतात सांधेतापाने झडप गेलेले लोक अजून खूप आहेत. झडप बदललेली असेल किंवा हा आजार आधी होऊन गेला असेल तर दात काढायच्या आधी अँटिबायोटिकचा डोस लागतो, तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी डेंटिस्टला सांगा.

आता खाली आतड्यात उतरू. शरीरात साधारण ३८ लाख कोटी जंतू आहेत असा अंदाज आहे, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीने, आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. तिथे ते काय बनवतात हे आपण वरून काय पाठवतो त्यावर ठरतं.

कोळणीच्या पाटीत बांगडा सकाळी ताजा असतो तेव्हा त्याला समुद्राचा वास असतो, दुपार झाली की जो वास सुटतो त्यातला मोठा वाटा ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या वायूचा. समुद्री माशांच्या अंगात टीएमएओ नावाचा पदार्थ मुळातच असतो, खाऱ्या पाण्यात तग धरायला तो त्यांना लागतो, मासा मेला की जंतू त्याचा हा वासाचा वायू करतात. आपल्या आतड्यात पण हाच वायू बनतो, मटणातल्या कार्निटिनपासून आणि अंड्याच्या बलकातल्या, मांसातल्या कोलिनपासून, आणि तो बनवतात जंतूच. मग तो यकृतात जातो आणि यकृत त्याचा परत टीएमएओ करतं, आणि तो रक्तात फिरतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे स्टॅनली हेझन आणि त्यांचे सहकारी २०११ पासून यामागे लागलेत. त्यांनी चार हजारांच्या वर रुग्ण तीन वर्षं बघितले, ज्यांच्या रक्तात टीएमएओ जास्त त्यांना अटॅक, पॅरालिसिस आणि मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. लोकांना आठवडाभर अँटिबायोटिक दिलं तर टीएमएओ बनणं जवळजवळ बंद झालं, नंतर महिन्याभरात परत सुरू. आणि सगळ्यात भारी म्हणजे वर्षानुवर्षं मांस, दूध काही न खाणाऱ्या माणसाला मांसाचा मोठा तुकडा खायला दिला तरी त्याच्या रक्तात टीएमएओ फारसा वाढलाच नाही, कारण ते काम करणारी वस्तीच त्याच्या आतड्यात नव्हती. जंतू पण आपण रोज जे खातो त्याप्रमाणे वस्तीला येतात.

मग मटण बंद करायचं का? २०१८ मध्ये ११३ जणांना पाळीपाळीने महिनाभर लाल मांस, महिनाभर चिकनसारखं पांढरं मांस, महिनाभर शाकाहारी प्रथिनं दिली. लाल मांसाच्या महिन्यात टीएमएओ जवळजवळ तिप्पट झाला, आणि सोडल्यावर महिन्याभरात खाली आला. बोकडाचं मटण पण लाल मांसच. त्यामुळे रविवारी मटण आणि रोज मटण यात फरक आहे, हृदयाचा त्रास असलेल्याने रोजचं टाळावं एवढं नक्की. पण माशांचं गणित वेगळं. मासे खाल्ल्यावर टीएमएओ तर खूप चढतो, पण मासे खाणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो असं काही दिसत नाही, उलटच दिसतं. म्हणजे टीएमएओ हा स्वतः गुन्हेगार आहे की नुसता खूण दाखवणारा, यावर अजून वाद चालू आहे, त्यामुळे कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाने या भीतीने बांगडा सोडायची काही गरज नाही. मला जास्त काळजी वाटते ती जिमच्या पोरांची, ते एल-कार्निटिनचे डबे महिनोन्महिने घेतात, तोच पदार्थ ज्यापासून हे बनतं.

आणि आता तो चोथा. ज्वारी-बाजरीचं, डाळींच्या सालाचं, भाजीच्या देठाचं जे आपल्याला पचत नाही ते मोठ्या आतड्यातल्या जंतूंचं जेवण. ते आंबवून ते असिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं बनवतात, ब्युटिरेटवर आतड्याचं अस्तर जगतं. चोथा मिळाला नाही तर उपाशी जंतू आतड्यावरचा चिकट थर खायला लागतात असं उंदरांत दिसलंय. शिवाय विरघळणारा चोथा, म्हणजे ओट्स, सातू, राजमा, चवळी यातला, पित्ताला धरून बाहेर नेतो, यकृताला नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सांगते, आणि २०१९ साली बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र केले तेव्हा जास्त चोथा खाणाऱ्यांत हृदयाने होणारे मृत्यू १५ ते ३० टक्के कमी दिसले. मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, वर मुळ्याची कोशिंबीर या ताटात तो हिशोब बराचसा बसतो. शिळी भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून खायची पद्धत आहे ना, तिच्यातही एक गंमत आहे, भाकरी किंवा भात गार झाला की त्यातला थोडा स्टार्च पचायला कठीण होतो आणि तो पण जंतूंच्या वाट्याला जातो. घरच्या दही-ताकात जिवंत जंतू असतात, ते पोटात कायमचे राहत नाहीत, पण २०२१ मध्ये स्टॅनफर्डला ३६ जणांवर केलेल्या प्रयोगात दहा आठवडे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यात जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या सुजेच्या खुणा कमी झाल्या. फक्त ताकात मीठ घालताना हात आखडा.

जंतू औषध पण खातात हे मला शेवटी कळलं. डिगॉक्सिन नावाची हृदयाची जुनी गोळी आहे, साधारण दहात एका माणसात आतड्यातला एगर्थेला लेंटा नावाचा जंतू तिचं बऱ्यापैकी निकामी रूप करून टाकतो. तीच गोळी, तोच डोस, एकाला लागू आणि दुसऱ्याला नाही.

ज्यांना अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफेरिन चालू आहे त्यांनी हे वाचून उद्यापासून पालेभाजीचा ढीग खायला लागू नका. पालेभाजीत के जीवनसत्त्व असतं, ते रक्त पातळ ठेवणाऱ्या या गोळ्यांच्या उलट काम करतं, भाजी खा पण रोज साधारण तेवढीच खा, वाढवायची असेल तर डॉक्टरांना सांगून, रक्त तपासत. किडनीचा त्रास असेल, पोटॅशियम वाढत असेल तर पालक-बीट विचारूनच. मुतखडा होत असेल तर पालकाऐवजी मेथी.

बाबांना मागच्या महिन्यात डेंटिस्टकडे नेलं. जायच्या आधी ते इकोस्प्रिन, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी, दोन दिवस बंद ठेवणार होते, रक्त जास्त येईल म्हणून, कुणीतरी कट्ट्यावर सांगितलं होतं. स्टेंट, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळीची नळी, असलेल्याने हे स्वतःच्या मनाने कधी करू नये, गोळी बंद केली तर स्टेंटमध्ये रक्त गोठू शकतं, हिरडीतलं रक्त बोळ्याने दाबून थांबतं, स्टेंटमधली गुठळी थांबत नाही. डेंटिस्टने गोळ्यांची यादी बघितली, हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि गोळी चालू ठेवूनच दोन बैठकांत कीटण काढलं. तेव्हा खुर्चीत बसून बाबांनी पहिल्यांदा सांगितलं की डाव्या बाजूने तीन-चार वर्षं रक्त येतंय. सहा वर्षांत त्यांनी ते हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं कारण ते दाताचं आहे असं त्यांना वाटायचं, आणि दाताच्या डॉक्टरांना स्टेंटचं सांगितलं नव्हतं कारण ते हृदयाचं. आता फाइलच्या पहिल्या पानावर आईने दोन्ही एकाखाली एक लिहून ठेवलंय.